विद्यापीठांच्या शोधात : संत फ्रान्सिस झेवियर ह्यांची जपानमधील सव्वादोन वर्षे

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचा सण आला की आपल्या धर्मग्रामांतून त्यांच्या जीवनातील ठरावीक प्रसंग सांगितले जातात. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात त्यांनी दहा हजार लोकांना बाप्तिस्मा दिला, बाप्तिस्मा देता देता त्यांचा हात दुखून येई, त्यांना अनेक भाषांचे वरदान लाभले होते, हे सारे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन झाले, तेव्हा आपल्या भागातूनही भाविकांच्या बसगाड्या भरभरून गेल्या. ह्या लेखात मात्र आम्ही वाचकांना संतांच्या आयुष्यातील एका निराळ्या पर्वाकडे नेऊ इच्छितो. त्या पर्वात बाप्तिस्मे थोडे झाले, भाषेने हात दिला नाही, आणि ज्या ज्ञानपीठांवर त्यांची सारी मदार होती त्यांपैकी एकाचाही उंबरठा त्यांना ओलांडता आला नाही. तरीही आमच्या मते झेवियर ह्यांना ओळखायचे असेल तर जपानमध्येच ओळखावे लागते.

झेवियर मुळात विद्यापीठाचे माणूस होते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. नावार राज्यातील झेवियर किल्ल्यात ७ एप्रिल १५०६ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जुआन दे यास्सु हे कायद्याचे पंडित होते. फ्रान्सिस सहा वर्षांचे असताना स्पेनने नावार जिंकून घेतले. पुढे वडील वारले आणि किल्ल्याचे तट व बुरूज पाडण्यात आले. घरातील थोरले भाऊ तलवार घेऊन लढायला गेले, धाकट्या फ्रान्सिसने पुस्तके जवळ केली आणि १५२५ साली तो पॅरिसला गेला. तेथील सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर हे त्याच्या खोलीत राहत. १५२९ साली त्यांच्यात एक प्रौढ विद्यार्थी येऊन मिळाला, लोयोलाचे इग्नेशियस. फ्रान्सिसने १५३० साली पदवी मिळवली आणि तो बोव्हे महाविद्यालयात ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवू लागला. त्याच्यासमोर मानाचे आयुष्य उभे होते. इग्नेशियस ह्यांनी त्याला त्या वाटेवरून कसे वळवले, ती कहाणी स्वतंत्र लेखाची आहे. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली त्यांत फ्रान्सिस होते, २४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि दुसऱ्या एका सोबत्याच्या आजारपणामुळे ऐनवेळी त्यांच्या वाट्याला हिंदुस्थान आला. १५४१ साली आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी लिस्बन सोडले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले.

मोत्यांच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या मुलांना घंटा वाजवून गोळा करणाऱ्या ह्या धर्मगुरूच्या मनातून पॅरिस कधीच गेले नव्हते. जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून आपल्या रोममधील बांधवांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अशी इच्छा व्यक्त केली होती की युरोपातील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसमध्ये, जाऊन वेड्यासारखे ओरडावे आणि तेथील विद्वानांना सांगावे की तुमच्या आळसापायी किती आत्मे तारणाला मुकत आहेत. ज्ञान आहे तेथे जबाबदारी आहे, अशी त्यांची धारणा होती. जपानची वार्ता कानी आली तेव्हा ह्याच धारणेने उचल खाल्ली.

ती वार्ता आणणारा माणूस मोठा विलक्षण होता. डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्का येथे अंजिरो नावाचा एक जपानी झेवियर ह्यांना भेटला. तो कागोशिमाचा. त्याच्या हातून मनुष्यवध घडला होता आणि पाठलाग चुकवण्यासाठी त्याने पोर्तुगीज जहाजाचा आसरा घेतला होता. मनाची टोचणी त्याला स्वस्थ बसू देत नव्हती. त्याला मोडकीतोडकी पोर्तुगीज भाषा येत होती. मी तुझ्या देशात आलो तर तुझे लोक ख्रिस्ती होतील काय, असे झेवियर ह्यांनी त्याला विचारले. अंजिरोने दिलेले उत्तर आम्हाला फार मोलाचे वाटते. लगेच होणार नाहीत, असे तो म्हणाला. ते आधी तुम्हाला पुष्कळ प्रश्न विचारतील, मग तुम्ही काय उत्तरे देता आणि तुम्हाला किती कळते हे पाहतील. सगळ्यांत शेवटी, तुम्ही बोलता तसे जगता की नाही, ह्यावर नजर ठेवतील. ह्या सर्व कसोट्यांना उतरलात तर सहा महिन्यांत राजासह शहाणी माणसे तुमच्या मागे येतील. सहा महिन्यांचा अंदाज चुकला. बाकी सारे अक्षरशः खरे ठरले.

१५४८ सालच्या आरंभी झेवियर हिंदुस्थानात परतले. त्याच वर्षी गव्हर्नर जुआंव द कास्त्रो ह्यांना भेटण्यासाठी ते आपल्या वसईलाही येऊन गेले. अंजिरो दोन सोबत्यांसह गोव्याला पोहोचला. २० मे १५४८ रोजी, पेन्टेकॉस्टच्या दिवशी, गोव्याचे बिशप जुआंव द आल्बुकर्क ह्यांनी तिघांना बाप्तिस्मा दिला. अंजिरोचे नाव पाउलो ठेवण्यात आले. गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात त्याने श्रद्धेचे शिक्षण घेतले. मत्तयकृत शुभवर्तमान त्याने मुखोद्गत केल्याचे त्याच्या शिक्षकांनी नोंदवून ठेवले आहे. जपानला जाणाऱ्या पहिल्या सुवार्तिकाची घडण अशी मांडवीच्या तीरावर झाली.

एप्रिल १५४९ मध्ये मंडळी गोव्याहून निघाली. झेवियर, फादर कोस्मे द तोरेस, कोर्दोव्हाचे ब्रदर जुआन फर्नांडिस, अंजिरो व त्याचे दोन सोबती, आणि दोन सेवक. त्या सेवकांपैकी एक चिनी होता, तर दुसरा आमादोर नावाचा मलबारी. जपानच्या भूमीवर उतरलेल्या पहिल्या ख्रिस्ती तुकडीत एक भारतीय होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाक्काहून पुढे पोर्तुगीज जहाज मिळेना, तेव्हा ते एका चिनी तांडेलाच्या गलबतात बसले. ह्या तांडेलाला लोक चाचाच म्हणत. पुढे जावे की मागे फिरावे हे तो गलबतावरील मूर्तीपुढे कौल लावून ठरवी आणि झेवियर हताशपणे पाहत राहत. अखेर १५ ऑगस्ट १५४९ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, गलबत कागोशिमाच्या बंदरात शिरले.

त्या काळचा जपान आतून मोडलेला होता. क्योटो, ज्याला तेव्हा मियाको म्हणत, तेथे सम्राट होता, पण त्याची सत्ता नावापुरती उरली होती. प्रांतोप्रांतीचे सरदार आपापसांत लढत होते. परंतु विद्येची परंपरा ह्या धामधुमीतही टिकून होती. पूर्वेकडे बांदो प्रदेशात आशिकागाचे विद्यालय होते. तेथे चिनी अभिजात ग्रंथ, भविष्यविद्या, वैद्यक असे विषय शिकवले जात आणि देशभरातून भिक्षू तेथे येत. मियाकोजवळच्या हिएई पर्वतावर आणि दक्षिणेला कोया व नेगोरो येथे मोठमोठी मठ-विद्यापीठे होती. कागोशिमाला पोहोचून तीन महिनेही झाले नव्हते तोच, ५ नोव्हेंबर १५४९ च्या प्रदीर्घ पत्रात, झेवियर ह्यांनी ह्या विद्यापीठांची यादी गोव्याला कळवली. प्रत्येक ठिकाणी साडेतीन हजारांहून अधिक विद्यार्थी असल्याचे त्यांच्या कानी आले होते. ती ऐकीव माहिती होती, पण पॅरिसच्या ह्या जुन्या अध्यापकाच्या मनात तिने घर केले. मियाकोला जायचे, सम्राटाची परवानगी घ्यायची, विद्यापीठात जाऊन वाद करायचा आणि विद्वानांना जिंकायचे, म्हणजे त्यांच्यामागून देश येईल, असा त्यांचा बेत होता.

प्रत्यक्षात कागोशिमाचा हिवाळा ककहरा गिरवण्यात गेला. प्रांताधिपती शिमाझु ताकाहिसा ह्याने २९ सप्टेंबर रोजी त्यांचे स्वागत केले. त्याआधी अंजिरोने नेलेले मरियामाता व बाळयेशूचे चित्र पाहून त्याने गुडघे टेकले होते, आणि त्याच्या मातोश्रींनी तसेच चित्र करून मागितले होते. प्रजेपैकी कोणी ख्रिस्ती झाल्यास हरकत नाही, असेही त्याने सांगितले. मात्र सुवार्ता सांगणार कोणत्या भाषेत? लोक आपल्याविषयी बोलत असतात आणि आपण त्यांच्यात पुतळ्यांसारखे उभे असतो, अशा अर्थाचे झेवियर ह्यांनीच लिहिले आहे. त्यांना सर्व भाषांचे वरदान होते असे पुढे जे सांगितले गेले, त्याला त्यांच्या स्वतःच्या पत्रांत आधार मिळत नाही. अंजिरोच्या मदतीने त्यांनी श्रद्धेचे एक विवरण जपानीत तयार करवून ते रोमन लिपीत लिहून घेतले. मग ते मठाच्या पायऱ्यांवर बसून दिवसातून दोनदा वाचून दाखवत. त्यांचे उच्चार ऐकून लोक हसत. पुष्कळ जण त्यांना वेडा समजत. पण काही जण असाही विचार करीत, की हा मनुष्य केवळ हे सांगण्यासाठी इतक्या लांबून आला आहे तर त्यात काहीतरी असले पाहिजे.

फुकुशो-जी ह्या झेन मठाचे ऐंशीच्या घरातील वृद्ध मठाधिपती निन्शित्सु ह्यांच्याशी त्यांची चांगली मैत्री जुळली. एकदा ओळीने ध्यानस्थ बसलेल्या भिक्षूंकडे पाहून झेवियर ह्यांनी विचारले, की ही मंडळी काय करीत आहेत? वृद्ध गुरू हसले. काही जण भाविकांकडून ह्या महिन्यात किती प्राप्ती झाली ह्याचा हिशेब करताहेत, काही नव्या वस्त्रांचा विचार करताहेत, कामाचे कोणीच काही करत नाही, असे त्यांनी सांगितले, अशी आठवण येशूसंघाच्या जुन्या इतिहासात आहे. आमच्या मठांतील व सेमिनरीतील चिंतनाच्या तासालाही हे वर्णन लागू पडते की काय, अशी शंका आम्हाला येते! आत्मा अमर आहे की नाही ह्या विषयावर दोघांच्या वारंवार चर्चा होत. निन्शित्सु कधी होय म्हणत, कधी नाही. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, आणि मैत्री तुटलीही नाही.

वर्षभरात शंभरेक लोक ख्रिस्ती झाले. त्यांत एक साधा सामुराई होता. त्याचे नाव बर्नार्ड ठेवले गेले. पुढे तो गोव्यामार्गे लिस्बनला व रोमला गेला, संत इग्नेशियस ह्यांना भेटला, आणि १५५७ साली पोर्तुगालमधील कोइम्ब्रा येथे मरण पावला. युरोपात पाय ठेवणारा तो पहिला ज्ञात जपानी. दरम्यान भिक्षूंचा विरोध वाढला आणि ज्या पोर्तुगीज जहाजाची ताकाहिसाला आशा होती ते कागोशिमाला न येता हिरादोला गेले. त्याने यापुढे ख्रिस्ती होणाऱ्यास मृत्युदंड फर्मावला. अंजिरोला त्या लहानशा कळपापाशी ठेवून झेवियर हिरादोला गेले. अंजिरोची पुन्हा भेट झाली नाही. तो पुढे चाचेगिरीच्या मार्गाला लागून चीनच्या किनाऱ्यावर मारला गेला, असे सांगतात.

१५५० च्या हिवाळ्यात मियाकोची यात्रा निघाली. झेवियर, ब्रदर फर्नांडिस आणि बर्नार्ड. वाटेत यामागुची हे संपन्न शहर होते. तेथे दोघे येशूसंघीय चौकाचौकांत उभे राहून प्रवचन करीत, मुले मागे लागत, दगड मारीत. प्रांताधिपती ओउची योशिताका ह्याच्यासमोर त्याच्याच दरबारातील दुर्गुणांचा निषेध वाचण्यास झेवियर ह्यांनी फर्नांडिसना भाग पाडले. आता आपले डोके उडणार अशी त्या बिचाऱ्या ब्रदरांची खात्री झाली होती. डोके उडाले नाही, पण फळही मिळाले नाही. १७ डिसेंबरला ते पुढे निघाले. गुडघाभर बर्फ, सुजलेले पाय, खांद्यावर पडशी, त्यात मिस्सेचा झगा व थोडे भाजलेले तांदूळ. साकाईहून मियाकोपर्यंत रस्ते लुटारूंनी भरलेले असल्याने एका सरदाराच्या लवाजम्याबरोबर त्यांना नोकरासारखे धावत जावे लागले. ह्या वाटेवर झेवियर जितके आनंदी होते तितके ते पूर्वी कधीही दिसले नव्हते, असे पुढे सोबत्यांनी सांगितले.

मग ते मियाकोला पोहोचले, आणि सगळा बेत अकरा दिवसांत कोसळला. अर्धे शहर युद्धात जळालेले. शोगुन राजधानी सोडून गेलेला. सम्राट गो-नारा ह्यांचा वाडा पडझड झालेला, आणि तेथेही फाटक्या कपड्यांतल्या, रिकाम्या हातांच्या परदेशीयाला भेट मिळेना. विद्यापीठाचीही तीच तऱ्हा. हिएई पर्वताच्या पायथ्यापर्यंत ते गेले, परंतु भेटवस्तूंवाचून मठाधिपतींपुढे कोणाला उभे करत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. पॅरिसच्या विद्यापीठाचा पदवीधर, पोपमहोदयांचा प्रतिनिधी आणि ॲरिस्टॉटलचा अध्यापक जपानच्या श्रेष्ठ विद्यापीठाच्या पायथ्यावरून परत फिरला. नदीतून परतताना, शहर दिसेनासे होईपर्यंत त्याकडे पाहत झेवियर इस्राएलच्या मुक्ततेविषयीचे स्तोत्र गात होते, अशी आठवण आहे.

येथे एखाद्याने हाय खाल्ली असती. झेवियर ह्यांनी आपली पद्धत बदलली. ख्रिस्ताच्या दारिद्र्याचे दर्शन घडवावे म्हणून ते फाटक्या झग्यात हिंडले होते. जपानमध्ये त्याचा अर्थ एवढाच लागला, की हा कोणी क्षुद्र मनुष्य आहे. एप्रिल १५५१ च्या अखेरीस ते पुन्हा यामागुचीला आले तेव्हा त्यांच्या अंगावर रेशमी वस्त्र होते, हाती गव्हर्नर व गोव्याचे बिशप ह्यांची पत्रे होती, आणि सम्राटासाठी आणलेल्या भेटी योशिताकापुढे मांडलेल्या होत्या : घड्याळ, तंतुवाद्य, चष्मा, बंदूक, जरीचे कापड. प्रसन्न होऊन त्याने दिलेले सोने-रुपे त्यांनी परत केले आणि फक्त प्रवचनाची मोकळीक मागितली. ती मिळाली, शिवाय राहायला एक ओस मठ मिळाला. दारिद्र्यव्रताची ही तडजोड होती काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. आमच्या मते झेवियर ह्यांनी आपल्या गरिबीचाही मोह सोडला, आणि ते अधिक कठीण होते.

त्या मठात जे सुरू झाले त्याला आम्ही विद्यापीठच म्हणू. सकाळपासून रात्रीपर्यंत माणसे येत : भिक्षू, भिक्षुणी, दरबारी, सैनिक, व्यापारी. घरात पाय ठेवायला जागा नसे. झेवियर ह्यांना जेवायला, प्रार्थना म्हणायला, झोपायला वेळ मिळेनासा झाला. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो ते पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडण्याच्या पद्धतीने, आणि ती परीक्षेपुरती कसरत आहे असे बहुतेकांना वाटे. यामागुचीत ती जीवनमरणाची गोष्ट झाली. परमेश्वराने सर्व काही चांगले निर्माण केले तर दुष्ट आत्मे कोठून आले? तो दयाळू आहे तर माणसाला इतका दुर्बल का घडवला? नरकातून सुटकाच नसेल तर त्याची दया कसली? हा धर्म खरा असेल तर सर्वज्ञ चिनी लोकांना तो कसा ठाऊक नाही? ह्या शेवटच्या प्रश्नाने झेवियर ह्यांना चीनची वाट दाखवली.

सगळ्यांत आधी एक मोठा घोळ निस्तरावा लागला. परमेश्वरासाठी अंजिरोने दाइनिची हा शब्द सुचवला होता. दाइनिची म्हणजे संस्कृतातील महावैरोचन, शिंगोन पंथीयांचे विश्वव्यापी बुद्धतत्त्व. झेवियर तेन्जिकु म्हणजे बुद्धाच्या भूमीतून, हिंदुस्थानातून, आलेले. तोंडी दाइनिचीचे नाव. मग ही बुद्धमताचीच एखादी नवी शाखा असावी, असे लोकांना वाटले तर नवल काय? शिंगोन भिक्षूंनी त्यांचा मोठा सत्कार केला. झेवियर ह्यांना संशय आला. त्यांनी भिक्षूंना पवित्र त्रैक्याविषयी, पुत्राच्या देहधारणेविषयी व क्रुसावरील मरणाविषयी विचारले. त्यांना ते सारे चमत्कारिक वाटले, कोणी हसले. तेव्हा त्यांनी फर्नांडिसना तत्काळ रस्त्यावर पाठवले आणि दाइनिचीची प्रार्थना करू नका, अशी घोषणा करायला लावली. ज्याचे नाव दोन वर्षे घेतले त्याचाच निषेध! त्यानंतर देऊस हा लॅटिन शब्दच वापरला जाऊ लागला. विरोधकांनी त्याचाही दाइउसो, म्हणजे महाथाप, असा अपभ्रंश केला. पुढे १५५५ साली फादर बाल्तझार गागो ह्यांनी तपासले तेव्हा असे पन्नासहून अधिक धोक्याचे शब्द निघाले. बायबलचे वा उपासनेचे मराठीकरण करताना एकेका शब्दावर बैठकी का लांबतात, हे ज्यांना पडलेले कोडे असेल त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

परंतु यामागुचीत विचारला गेलेला सर्वांत जड प्रश्न विद्वानांचा नव्हता. तो नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या साध्या माणसांचा होता. आमचे आईवडील, आमची वारलेली मुले, आमचे पूर्वज ह्यांचे काय? त्यांना ही सुवार्ता कोणी सांगितलीच नाही. ते कायमचे नरकात आहेत काय? दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना सोडवता येत नाही काय? इतका चांगला परमेश्वर आमच्या देशाला इतकी शतके कसा विसरला?

झेवियर ह्यांनी ह्या प्रश्नाच्या एका भागाचे उत्तर उत्तम दिले. परमेश्वर कोणालाही विसरला नव्हता. चीनहून कोणताही धर्मग्रंथ येण्यापूर्वीच हत्या, चोरी, खोटी साक्ष ही पापे आहेत हे जपानी लोकांना कळत होते, आणि डोंगरात एकट्याने वाढलेल्या माणसालाही ते कळते. तो नियम निर्माणकर्त्यानेच हृदयात लिहिलेला आहे. हे लोकांना पटले. पण पूर्वजांविषयी त्यांनी पॅरिसमध्ये शिकलेले उत्तर दिले. नरकातून सुटका नाही. ते ऐकून ती माणसे रडत. जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात झेवियर ह्यांनी हे लपवलेले नाही. आपल्या इतक्या प्रिय मित्रांना ज्यावर इलाज नाही अशा गोष्टीसाठी रडताना पाहून आपल्यालाही काहीसे दुःख होते, असे त्यांनी कळवले आहे.

ह्या अश्रूंपाशी आम्ही दर वेळी थबकतो. जे उत्तर त्यांनी प्रश्नाच्या पहिल्या भागाला दिले त्यातच दुसऱ्या भागाचे उत्तर बीजरूपाने होते. परमेश्वराने स्वतःचा नियम ज्यांच्या हृदयात लिहिला, त्यांचे त्या नियमाप्रमाणे जगणे तो मानणार नाही काय? झेवियर तेथवर गेले नाहीत. त्यांच्या काळची ईशज्ञानाची शिकवण त्यांना तेथवर नेत नव्हती. ख्रिस्तसभेला ते स्पष्ट शब्दांत मांडण्यास १९६४ साल उजाडावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ख्रिस्तसभेवरील संहितेत, स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही पण जे प्रांजळ मनाने परमेश्वराचा शोध घेतात व सदसद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकते, असे शिकवले आहे. हा प्रश्न परका नाही. उत्तर कोकणातील आपली ख्रिस्ती घराणी चार-साडेचारशे वर्षांपूर्वी कोठे ना कोठे सुरू होतात. त्याआधीही आपल्याला पूर्वज होतेच. नोव्हेंबरात आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो तेव्हा त्यांचे नाव कोणाच्या ओठी नसते. यामागुचीच्या त्या रडणाऱ्या माणसांना मात्र आपल्या लोकांचा विसर पडला नाही, आणि तरीही ती ख्रिस्ताला सोडून गेली नाहीत.

दोन-तीन महिन्यांत यामागुचीत पाचशेच्या आसपास बाप्तिस्मे झाले. पहिले वळण वादाने आणले नव्हते. फर्नांडिस रस्त्यावर प्रवचन करीत असताना एक जण जवळ येऊन त्यांच्या तोंडावर थुंकला. त्यांनी रुमालाने चेहरा पुसला आणि वाक्य जेथे तुटले होते तेथून पुढे चालू ठेवले. हे पाहणारा एक विरोधक त्यानंतर बाप्तिस्मा मागण्यास आला. अंजिरोने मलाक्कात सांगितलेली शेवटची कसोटी ती हीच. मग आशिकागाच्या विद्यालयात अनेक वर्षे शिकलेला, शहरातील सर्वांत विद्वान म्हणून नावाजलेला एक मनुष्यही आला. ज्या विद्यापीठापर्यंत झेवियर पोहोचू शकले नाहीत त्याचा एक विद्यार्थी स्वतःहून त्यांच्या दारी आला. आणि आणखी एक जण आला. एका डोळ्याने आंधळा, दुसऱ्याने अंधुक पाहणारा, बिवा हे तंतुवाद्य वाजवून वीरकथा गात पोट भरणारा. त्याला लोरेन्सो हे नाव मिळाले.

सप्टेंबर १५५१ मध्ये बुंगोचा तरुण अधिपती ओतोमो योशिशिगे ह्याने झेवियर ह्यांना बोलावले. ते तेथे असतानाच यामागुचीत बंड झाले आणि योशिताकाने आत्महत्या केली. एका सरदाराच्या पत्नीने आश्रय दिल्यामुळे फादर तोरेस व ब्रदर फर्नांडिस वाचले. नोव्हेंबरात झेवियर ह्यांनी जपानचा किनारा सोडला. ते एकूण सव्वादोन वर्षे तेथे होते. बाप्तिस्म्यांची संख्या हजाराच्या आतच होती. त्रावणकोरच्या एका महिन्याच्या मानाने काहीच नाही. त्यांचे केस पांढरे झाले होते. तरीही त्यांनी लिहिले, की जपानी लोकांचे आपल्यावर ऋण आहे, कारण त्या कष्टांत आपल्याला आपले अंतरंग कळले.

विद्यापीठांचा ध्यास मात्र सुटला नाही. एप्रिल १५५२ मध्ये गोव्याहून त्यांनी इग्नेशियस ह्यांना कळवले, की जपानच्या विद्यापीठांसाठी कच्चे तरुण नकोत. पुष्कळ अनुभवाचे, कसोटीला उतरलेले, तर्कशास्त्रात पक्के असलेले पाठवा. त्यांना ग्रहगोलांचे ज्ञान असावे, कारण ग्रहणे कशी लागतात, पाऊस कसा पडतो हे विचारण्याची त्या लोकांना भारी हौस आहे. आणि थंडी सोसणारे फ्लेमिश किंवा जर्मन असले तर बरे! त्याच महिन्यात ते चीनला जाण्यासाठी गोव्याहून निघाले. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यासमोरील सान्चान बेटावर, एका झोपडीत, अंतोनियो नावाच्या चिनी सोबत्याच्या सान्निध्यात त्यांनी देह ठेवला. तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस ह्यांच्यासोबतच त्यांना संतपद देण्यात आले.

बुंगोच्या त्या तरुण अधिपतीने सत्तावीस वर्षांनी, १५७८ साली, बाप्तिस्मा घेतला आणि फ्रान्सिस हे नाव निवडले. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये वाढत्या वयातच पोहोचले आणि अस्खलित जपानी बोलू लागले. सत्ताधीश हिदेयोशीपुढे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून ते उभे राहिले. झेवियर ह्यांना जी भाषा शेवटपर्यंत वश झाली नाही ती वसईच्या ह्या पुत्राच्या जिभेवर होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी पंचवीस सोबत्यांसह प्राण दिले.

आणि तो बिवा वाजवणारा लोरेन्सो येशूसंघात ब्रदर झाला. झेवियर ज्या हिएई पर्वताच्या पायथ्यावरून परतले होते, तेथे काही वर्षांनी फादर गास्पार व्हिलेला ह्यांच्यासह जाऊन त्याने तेथील भिक्षूंशी बोलणी केली. १५६३ च्या सुमारास, ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी नेमलेल्या विद्वानांशी तो एकटा वाद करायला गेला. तेच विद्वान बाप्तिस्मा घेऊन उठले. त्या चर्चेत ताकायामा नावाचा एक सरदार सामील झाला होता. त्यानेही आपल्या कुटुंबाला ख्रिस्ताच्या पदरी घातले. त्याच्या मुलाने, उकोनने, श्रद्धेसाठी आपली जहागीर सोडली, १६१४ साली हद्दपारी पत्करली, आणि १६१५ साली मनिला येथे प्राण सोडला. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी ओसाका येथे त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले.

विद्यापीठाची गोष्ट ह्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी मार्गी लागली. पोप दहावे पायस ह्यांच्या इच्छेनुसार १९०८ साली तीन येशूसंघीय धर्मगुरू जपानला गेले आणि १९१३ साली टोकियोत सोफिया विद्यापीठ सुरू झाले. २६ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस तेथील विद्यार्थ्यांशी बोलले. तरुणपणी येशूसंघात असताना जपानमध्ये मिशनरी म्हणून जाण्याची त्यांचीही इच्छा होती, परंतु फुप्फुसाच्या आजारपणामुळे वरिष्ठांनी त्यांना पाठवले नव्हते. त्यांच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते.